ठिपक्यांचे वाचन

एखादा शोधनिबंध कवितेसारखा सावकाश वाचावा असा क्वचितच असतो. एर्लांगेनच्या विद्यापीठ रुग्णालयातील मिखाएल क्युफनर आणि सहकाऱ्यांचा 'रेडिऑलॉजी' नियतकालिकात 2012 साली आलेला निबंध मला तसा वाटतो. क्ष-किरण सोडण्याआधी रक्तात क जीवनसत्त्वासारखी अँटिऑक्सिडंट द्रव्ये असली, तर डीएनएची मोडतोड कमी दिसते का, एवढाच त्याचा प्रश्न. 1896 पासून ज्या गावात क्ष-किरण यंत्रे बनू लागली, तिथेच तो विचारला जावा हेही छान.

निबंधाचा जीव आहे ठिपक्यांत. डीएनएचे दोन्ही पेड एकाच जागी तुटले की आसपासच्या एच2एएक्स या प्रथिनावर पेशी फॉस्फेटची खूण करते. त्या खुणेला चमकणारे प्रतिपिंड चिकटवले की लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशीच्या केंद्रकात सूक्ष्मदर्शकाखाली ठिपका उजळतो. 1 ग्रे मात्रेत एका पेशीत अशा 20 ते 40 तुटी होतात. म्हणजे सीटी स्कॅनच्या पट्ट्यातल्या 10 मिलीग्रे मात्रेला अडीच ते पाच पेशींमागे एखादीच तूट! बहुतेक केंद्रके कोरी. त्या कोऱ्या केंद्रकांतून फरक शोधायचा, म्हणजे चिकाटीने मोजत राहायचे. द्रव्य दिलेल्या नमुन्यांत ठिपके कमी भरले. लेखकांनी मात्र शीर्षकातच ही 'प्राथमिक निरीक्षणे' असल्याचे सांगून टाकले. हा संयम मला निष्कर्षाइतकाच आवडतो.

द्रव्य आधीच का हवे, याचे उत्तर रसायनात आहे. क्ष-किरण डीएनएवर थेट आदळतात त्याहून जास्त इजा ते पाण्यामार्फत करतात: पाण्याचा रेणू फुटून हायड्रॉक्सिल मूलक निघतो आणि काही नॅनोमीटरच्या आत जे सापडेल त्यावर तुटून पडतो. त्याला अडवणारा रेणू त्या क्षणी तिथेच असावा लागतो. नंतर आलेल्याला करण्यासारखे फार थोडे उरते. वनस्पतींतले फ्लॅवोनॉइड हे काम करू शकतात. त्यांच्या कड्यांवरचे हायड्रॉक्सिल गट आपला हायड्रोजन देऊन मूलकाला शांत करतात, शिवाय मूलके घडवायला मदत करणारे लोहासारखे धातूही धरून ठेवतात.

तरीही एक शंका सुटत नाही. ठिपका म्हणजे तूट नव्हे, तुटीवर पेशीने केलेली हाकाटी. ठिपके कमी झाले ते तुटी कमी झाल्याने, की हाकाटीच दबली म्हणून?

इथे मला मणिपालची आठवण होते. पी. उमा देवी आणि सहकाऱ्यांनी तुळशीतल्या ओरिएंटिन आणि व्हिसेनिन या फ्लॅवोनॉइडवर तिथे दीर्घ काम केले. उंदरांना किरणांआधी टोचायची मात्रा होती शरीराच्या किलोमागे फक्त 50 मायक्रोग्रॅम. (यावरून स्कॅनआधी तुळस चघळायला कुणी धावू नये, शुद्ध रेणूचे इंजेक्शन आणि चघळलेले पान या वेगळ्या गोष्टी.) 2001 साली त्यांनी तीच द्रव्ये माणसाच्या लिम्फोसाइटवर तपासली, आणि मोजली ती सूक्ष्मकेंद्रके: दुरुस्ती फसल्यावर, पेशी विभागताना मागे राहिलेले गुणसूत्रांचे तुकडे. तीही कमी निघाली. हाकाटी दबली असती आणि तुटी तशाच राहिल्या असत्या, तर हे तुकडे वाढायला हवे होते.