अंगठा ताजा की शिळा?

मागच्या वेळी आपण संदेश कुलूपबंद कसा करतात ते पाहिलं. आज त्या कुलपाबद्दलच जरा तक्रार करायची आहे. कुलूपबंद चिठ्ठी चोराला वाचता येत नाही, हे खरं. पण ती जशीच्या तशी पुन्हा पाठवायला वाचता यावी कशाला लागते? ‘पाचशे रुपये द्या’ ही चिठ्ठी दोनदा पोचली की हजार गेले. याला रिप्ले हल्ला म्हणतात.

हुंडीचा व्यवहार करणाऱ्या आपल्या कापसाच्या पेठांना ही भीती जुनीच. पैसे चुकते झालेली हुंडी रद्द व्हायची, तिला ‘खोखा’ म्हणत. हुंडी हरवली तर बदली ‘पैठ’ निघायची आणि ती बदली आहे हे उघड असायचं. म्हणजे पैसे देणाऱ्याला आठवण ठेवावी लागे. नेटवर्कमध्ये हेच काम एकदाच वापरायचा आकडा, म्हणजे नॉन्स, करतो; नाहीतर वेळेचा शिक्का किंवा अनुक्रमांक. पण नुसतं असं काहीतरी घातलं म्हणजे झालं, असंही नाही. नीडहॅम आणि श्रोडर यांच्या १९७८ च्या प्रोटोकॉलमध्ये नॉन्स होताच. तरी जुनी, फुटलेली किल्ली त्यात पुन्हा खपवता येते, हे डेनिंग आणि सॅको यांनी १९८१ मध्ये दाखवलं.

आता आपल्या अंगठ्याकडे येऊ. फेब्रुवारी २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने ॲक्सिस बँक, सुविधा इन्फोसर्व्ह आणि ई-मुद्रा यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. १४ जुलै २०१६ ते १९ फेब्रुवारी २०१७ या काळात एकाच व्यक्तीच्या बोटाचे ३९७ व्यवहार झाले होते आणि साठवलेला ठसा पुन्हा पुन्हा वापरल्याचा संशय होता. चाचणी चालू होती, असा खुलासा पुढे आला. तो बाजूला ठेवू. आपल्याला रचना तपासायची आहे.

गंमत अशी की त्या संदेशात कूटलेखन होतं आणि वेळेचा शिक्काही होता. मग अडलं कुठे? ठसा यंत्रातून उघडा बाहेर येई आणि शिक्का मारी संगणकावरचं ॲप. ज्याच्या हातात शिळा ठसा, त्याच्याच हातात ताजेपणाचा शिक्का! दुधात पाणी घालणाऱ्यालाच तपासनीस नेमल्यासारखं झालं हे.

प्राधिकरणाने मग ‘नोंदणीकृत यंत्र’ सक्तीचं केलं. ठसा घेतानाच वेळेसकट सही आणि कूटलेखन व्हायचं. उपाय योग्यच होता. पण पहिल्या, एल-झिरो पातळीत हे काम त्याच संगणकातल्या सॉफ्टवेअरवर सोडलं होतं. सुरक्षित कप्प्यात ते गेलं एल-वनमध्ये. ही अर्धी पायरी आपल्याला पटत नाही. शिवाय रबरी ठशाचा प्रश्न उरलाच. तिथे यंत्र प्रामाणिकपणे ताजी सही करतं, पण खोट्या बोटावर. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. त्याचा खोखा कधीच होत नाही.

आणि सगळ्यात मोठी फट प्रोटोकॉलच्या बाहेर आहे. धारणी-चिखलदऱ्याकडे रेंज जाते. लाडक्या बहिणीचे पंधराशे काढायला आलेल्या बाईला केंद्रावरचा माणूस म्हणतो, “अंगठा लागून नाही राह्यला माय, पुन्हा ठेव.” ती ठेवते. तो खरं बोलत असेल किंवा नसेल, पण दुसरा अंगठा यंत्राच्या दृष्टीने शंभर टक्के ताजा असतो. नवा व्यवहार, नवा क्रमांक. रिप्लेविरोधी एकही तपासणी त्याला अडवणार नाही, कारण इथे संदेश शिळा नाही, बाईचा हुकूम शिळा आहे.

म्हणून आपला आक्षेप ताजेपणा मोजायच्या जागेवर आहे. ‘पुन्हा ठेव’ म्हटल्यावर जाणारी विनंती पहिल्याच क्रमांकाने गेली पाहिजे. पहिला व्यवहार झाला असेल तर बँकेने दुसऱ्यांदा पैसे न कापता ‘आधीच दिले’ एवढंच कळवावं. दुकानांच्या ऑनलाइन देयकांत ही पद्धत रुळलेली आहे. आणि किती रुपये कापले हे यंत्राने मराठीत, कोरकूत मोठ्याने सांगावं, बाई अजून खिडकीशी उभी असतानाच.