उदासीनतेचं तळं

मादलेन द स्क्युदेरी यांच्या ‘क्लेली’ कादंबरीत 1654 साली स्नेहाच्या प्रदेशाचा एक नकाशा छापला गेला. पुष्कळांनी तो शृंगाराचा खेळ म्हणून हसण्यावारी नेला. मला त्यात नीतिशास्त्र दिसतं. ‘नवी मैत्री’ या गावाहून निघालात आणि वाट चुकलात, की आधी ‘हेळसांड’ लागते, मग ‘कोमटपणा’, मग ‘विसर’, आणि शेवटी उदासीनतेचं तळं. (गीतेतला ‘उदासीन’ निराळा, तो स्तुतीचा शब्द.) राक्षस नाही, दरी नाही, माणूस गावामागून गाव चालत तिथे पोचतो. हे निरीक्षण अचूकच. पण ‘औदार्य’ हेही वाटेवरचं एक खेडं? ॲरिस्टॉटलच्या मते सद्गुण सवयीने अंगात मुरतो. स्क्युदेरींचा प्रवासी मात्र ‘औदार्य’ ओलांडून ‘चांगुलपणा’कडे निघतो, आणि औदार्य मागेच राहतं.