गुरुजी आणि त्याचा पत्ता

माधव कोंडविलकरांचे ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ १९७९ साली पुस्तकरूपाने आले. दलित आत्मकथनांच्या रांगेत त्याला जागा मिळाली, आणि चर्मकाराच्या पोराचे दुःख म्हणून ते वाचले गेले. ते खोटे नाही. परंतु आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले हे पुस्तक एका प्राथमिक शिक्षकाची दैनंदिनी आहे, याकडे समीक्षेने पुरेसे पाहिलेले नाही.

शेजारी ‘बनगरवाडी’ (१९५५) ठेवून पाहावी. माडगूळकरांचा तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत परका म्हणून येतो, भांडणांत पडतो, तालीम उभारतो, हळूहळू वाडीचा होतो. दुष्काळाने वाडी उठते तेव्हा त्यालाही निघता येते. परकेपण हेच त्याचे भांडवल! कोंडविलकरांच्या गुरुजीला ही सवलत नाही. नेमणुकीचा कागद त्याला गुरुजी करतो. गाव त्याला जन्माच्या पत्त्यावरच शोधते. पोफळीत हा फरक नीट कळतो. १९६२ साली येथे कोयनेचे वीजगृह सुरू झाले. प्रकल्पाच्या वसाहतीत माणूस क्वार्टरच्या नंबराने ओळखला जातो, गावात वाडीच्या नावाने.

हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडला होता. प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण. ते शेतकरी वर्गांतून यावेत, प्रशिक्षित शिक्षकाला १२ रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावी १५ ते २० असावा. शिवाय गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदणे, टपाल, स्टँपविक्री ही कामे त्याच्याकडे द्यावीत. पगार आणि गावातले वजन त्यांनी एका दमात मागितले. नुसत्या पगाराने वजन येत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

इंग्रजांच्याच अमलातून सुटलेल्या टांझानियात राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांना लोक ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणत. ते स्वतः शिक्षक होते. पण १९७४ नंतर सर्व मुलांना शाळेत आणण्याची घाई झाली, आणि सातवी उतरलेली पोरे वर्गावर उभी राहिली. त्यांचे प्रशिक्षण शिकवता शिकवता झाले. शब्दाचा मान एकीकडे, आणि वर्गावरच्या माणसाची सोय दुसरीकडे.

आपल्याकडे शब्दही उरला नाही. २००० सालापासून नवा शिक्षक पहिली ३ वर्षे ‘शिक्षणसेवक’ असतो. २०२३ साली प्राथमिकच्या सेवकाचे मानधन वाढून १६,००० रुपये झाले. सेवक! आमच्या वाड्यांतली मुले-मुली या नावाने शाळेत जातात तेव्हा गाव त्यांना काय म्हणते? अशा सेवकाची दैनंदिनी आमच्या वाचनात नाही. कोणी लिहीत असेल, तर ती छापायला हवी.