पोथीचें पूजन आणि पोथीचें रक्षण

कुही तालुक्यांतील आंभोरा येथें मुकुंदराजांनीं ‘विवेकसिंधु’ रचिला, असें विदर्भांत मानितात; अंबेजोगाईचाही तसाच दावा आहे. ग्रंथाचा काल शके १११० (इ. स. ११८८) सांगतात. अशा वादांत साक्ष काढावयाची ती उत्तरकालीन नकलांच्या पुष्पिकांची व समासांतील टिपणांची. तेल, जल व शिथिल बंधन यांपासून पोथी रक्षावी, अशी लेखकाची विनवणी तिच्या अखेरीस पुष्कळदां आढळते. आणि आपण तिजपुढें तेलाचा दिवा लावून ओलें गंध वाहतों! काजळाची शाई पाण्यानें पसरते. चिकटपट्टी लावणारा, कडा कातरून नीटनेटकी बांधणी करणारा संग्राहक तर अधिक दोषी. तो साक्षच पुसतो. पानें सुटींच, दोन फळ्यांमध्यें, कोरड्या सुती रुमालांत घट्ट बांधावीं. समासास कात्री लावूं नये.