पिशवी दोघांना आहे, मग पुढे काय? बेडूक आणि कांगारूची तुलना

समजा, तुमच्या पीएचडी प्रस्तावाचा विषय आहे: 'पिशवीवाला बेडूक आणि लाल कांगारू: तुलनात्मक अभ्यास'. दोन रकाने, दहा मुद्दे, तक्ता तयार. गाईड विचारतात, "बरं, मग?" बहुतेक तुलना इथेच अडकतात. आणि त्याच विषयावर तुम्हाला चार-पाच वर्षं घालवायची असतात!

आधी प्राणी बघू. गॅस्ट्रोथेका रिओबाम्बे हा इक्वाडोरच्या अँडीजमधला बेडूक. मादीच्या पाठीवर कातडीची पिशवी असते. त्यात अंडी वाढतात आणि काही महिन्यांनी ती बेडूकमासे पाण्यात सोडते. लाल कांगारूचं पिल्लू साधारण ३३ दिवसांत जन्मतं आणि पोटावरच्या पिशवीत दुधावर वाढतं. बेडकाच्या पिल्लांना दूध कुठलं? त्यांची शिदोरी म्हणजे अंड्यातला बलक.

दोघांचा समाईक पूर्वज सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीचा. पिशव्या नंतर, स्वतंत्रपणे आल्या. म्हणजे ही ॲनॅलॉजी आहे, होमॉलॉजी नाही. तक्त्यात हा फरक दिसतच नाही.

आता युजेनिया डेल पिनो यांचं १९८३चं काम बघा. प्रोजेस्टेरॉन दिल्यावर या बेडकाच्या पिशवीत अंडी सांभाळण्याच्या काळातले बदल होतात, हे त्यांनी दाखवलं. प्रोजेस्टेरॉन कांगारूच्या गर्भारपणातही लागतं. पण लगेच 'दोघं सारखेच' म्हणू नका. हार्मोन जुनं, पिशव्या नव्या. जुनं हार्मोन नव्या कामाला कसं लागलं, हा खरा प्रश्न.

दोनच प्रजातींवरून त्याचं उत्तर मिळणार नाही. जवळचे, पण पिशवी नसलेले नातेवाईकही हवेत: हेमिफ्रॅक्टस बेडूक अंडी पाठीवर उघडीच वाहतो, आणि मोनोडेल्फिस हा मार्सुपिअल असूनही त्याला पिशवी नाही. तुलनेला धार येते ती अशा जोड्यांमुळे.

कोल्हापुरात बसून मार्सुपिअल मिळणार नाही. भारतात ते नाहीतच. पण आजऱ्यावरून आंबोलीला जा. २००९ मध्ये वर्णन झालेल्या आंबोली बुश फ्रॉगच्या अंड्यातून थेट छोटा बेडूक निघतो, मधे बेडूकमासा नाही. पिल्लं उघड्या पाण्याविना कशी वाढवायची, यावरचं हे वेगळं उत्तर. प्रश्न नीट असेल तर प्राणी जवळही सापडतो.

तक्ता आखण्याआधी एक वाक्य पूर्ण करा: 'ही तुलना केली नाही, तर ____ कळणार नाही.' रिकामी जागा भरता येत नसेल, तर विषय आत्ताच बदला.