कॅप्टन नेमोचे पूर्ववृत्त

एखादे पात्र वाचकाच्या मनात घर करून राहते, त्याचे श्रेय त्याच्याविषयी जे सांगितले त्याइतकेच जे सांगितले नाही त्यालाही असते. दीर्घकाळ चालणाऱ्या विज्ञानकथामालांत हे न सांगितलेले पूर्ववृत्त पुढे स्वतंत्रपणे सांगण्याचा प्रघात आज रूढ झाला आहे. तो कितपत इष्ट आहे, याचा विचार करताना आम्हांला ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो आठवतो. कारण हा नेमो अखेर आम्हां माळवेकरांच्या शेजारचा, बुंदेलखंडचा निघाला.

व्हर्नच्या पन्नासांहून अधिक कादंबऱ्यांच्या मालेत नेमो प्रथम अवतरला तो १८६९-७० साली, ‘नॉटिलस’ या पाणबुडीचा अधिपती म्हणून. नेमो या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘कोणीही नव्हे’. त्याचा देश व कुल लेखक सांगत नाही. केवळ खुणा ठेवतो. सिंहलद्वीपाजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब हिंदी माणसाला वाचविण्यासाठी नेमो शार्क माशावर धावून जातो, त्याला मोत्यांची पिशवी देतो आणि आपणही पीडितांच्याच देशाचे आहोत असे म्हणतो. पुढे एक तरुण स्त्री व दोन मुले यांच्या चित्रापुढे तो गुडघे टेकून हुंदके देतो. एवढ्यानेच त्याच्या सूडबुद्धीला कारुण्याची खोली लाभते.

तथापि हे मौन निव्वळ कलादृष्टीचे नव्हते. व्हर्नच्या मनातील नेमो मुळात रशियाविरुद्ध पेटलेला पोलिश सरदार होता. रशियातील विक्रीस बाध येईल म्हणून प्रकाशक एत्झेल यांनी त्यास हरकत घेतली आणि नेमो देशहीन झाला. पुढे १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या ‘गूढ बेट’ या कादंबरीत मृत्युशय्येवरील नेमो आपली ओळख सांगतो: बुंदेलखंडच्या राजाचा पुत्र डक्कार, युरोपात शिकलेला, १८४९ साली मायदेशी परतलेला, १८५७ च्या संग्रामात लढून पत्नी व मुलांना मुकलेला.

या उलगड्याने मागील खुणांना अर्थ आला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु माणूस उभा राहिला काय? ‘डक्कार’ हे नाव बुंदेलखंडात कोणी ठेवील असे वाटत नाही. व्हर्न त्याला टिपू सुलतानाचाही आप्त ठरवितो. पण भाचा की पुतण्या, हा मराठी वाचकाचा पहिला प्रश्न फ्रेंच शब्दाने सुटत नाही. श्रीरंगपट्टणचे घराणे बुंदेल्यांशी कसे जोडले गेले, याची लेखकाला फिकीर नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की किंग्स्टनच्या नावावर निघालेल्या १८७५ च्या इंग्रजी भाषांतरात हाच भाग फिरविण्यात आला. डक्कारचा इंग्रजांवरील रोष बोथट झाला. बंडखोराचे पूर्ववृत्त त्याच्या शत्रूच्या भाषेतून वाचावे लागणे, ही आपल्याकडील इंग्रजी वाचकांची शोकांतिकाच होय.

नानाखेड्यातील आमच्या शाळेत ही कथा सांगितली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, त्याच्या बायकोचे नाव काय?” आम्ही निरुत्तर झालो. व्हर्नने ते दिलेलेच नाही. आमच्या मते खरी समीक्षा त्या एका प्रश्नात आहे. पूर्ववृत्ताने नायकाच्या क्रोधाचे कारण पुरविले. ज्यांच्यासाठी तो क्रोध, ती माणसे मात्र चित्रातच राहिली.

भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. दुसरीकडे विष्णुभट गोडसे यांचा, १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘माझा प्रवास’ आपल्यापाशी आहे. सत्तावनच्या धामधुमीत माळव्यातून झाशीपर्यंत गेलेल्या या भिक्षुकाने तेथील घरे, माणसे व कत्तलीची भीती स्वतः अनुभवली. व्हर्नला फ्रान्समध्ये बसून जे दिसणे शक्य नव्हते, ते येथे आहे. या दोन ग्रंथांची गाठ एखाद्या मराठी कादंबरीकाराने घालून द्यावी. डक्कारच्या पत्नीला नाव मिळावे, घर मिळावे, मत मिळावे. मात्र त्या चित्रापुढे गुडघे टेकलेला नेमो मनात काय म्हणाला, हे त्याने सांगू नये. ते मौन व्हर्नचे आहे, आणि ते तसेच राहणे योग्य आहे.