पेल्यातलं पाणी : एका पिल्सनरचं रसग्रहण

(परभणी जिल्ह्यात सेलू इथं झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आत येताना एका ताईंनी मला पायरीवरच गाठलं. म्हणाल्या, "आमच्या गावात आम्ही बायांनी मतदान करून बाटली आडवी केली. अन्‌ तुम्ही इथं बिअरची चव कशी घ्यायची ते सांगायला आलात. शोभतं का हे?" मी म्हणालो, ताई, बसा, उत्तर भाषणातच देतो. त्या बसल्यात, दुसऱ्या रांगेत. तेव्हा मला आता पळवाट नाही. (हशा)

पहिली गोष्ट, आज इथं प्यायला काही मिळणार नाही. टेबलावर पाण्याचा तांब्या आहे, तेवढाच. आणि जे पीत नाहीत त्यांनी प्यायला सुरुवात करावी, असं मी एका वाक्यातही सुचवणार नाही. मला बोलायचंय ते पारखण्याबद्दल. शाळेत आपण सगळ्यांनी कवितेचं रसग्रहण केलंय. आशय काय, शब्द कसे आलेत, कवीला जे साधायचं होतं ते साधलं का. तेच मी आज एका पेल्याचं करणार आहे. पेला आहे जर्मन धाटणीच्या पिल्सनरचा.

आपल्याकडं बिअरबद्दल एकच प्रश्न विचारला जातो : "कडक आहे का?" आपल्या राज्यात पाच टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली ती माइल्ड आणि त्यावरची, आठ टक्क्यांपर्यंतची, ती स्ट्राँग. देशात खप जास्त आहे तो स्ट्राँगचाच. गिऱ्हाईक पैशाला किती टक्के मिळाले ते मोजतं. ही झाली मोजणी, पारख नव्हे. गाणं किती मोठ्यानं गायलं यावरून गवय्याला गुण द्यावेत, तसला प्रकार. पिल्सनर या मोजणीत पहिल्याच फेरीत नापास होतं, कारण त्यात साडेचार-पाच टक्केच असतात. मग त्याचं एवढं कौतुक का?

थोडा इतिहास बघू. आज झेक देशात असलेल्या पिल्सेन गावात १८३८ साली लोकांनी नासलेल्या बिअरची ३६ पिंपं चौकात ओतून दिली होती. मग गावकऱ्यांनी मिळून नवा कारखाना काढला आणि बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. त्यानं ऑक्टोबर १८४२ मध्ये तिथं पहिली फिकट सोनेरी लागर बिअर केली. गावाच्या नावावरून ती पिल्सनर. पुढं जर्मनांनी तिला आणखी कोरडी, आणखी फिकट केली, आणि उत्तरेकडं तर चांगलीच कडू. तिला ते नुसतं 'पिल्स' म्हणतात. म्हणजे या बिअरचा जन्मच मुळी लोकांनी वाईट बिअर नाकारल्यातून झालाय. ताई, हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता ती होते कशी. सामान चारच गोष्टींचं : सातू म्हणजे जव, हॉप्सची फुलं, यीस्ट आणि पाणी. बव्हेरियात १५१६ सालीच कायदा झाला की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच घालायचं. यीस्टचं नाव त्यात नव्हतं, कारण ते काय असतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

जवाला मोड आणायचे, वाळवायचे, हलकंच भाजायचं. याला माल्ट म्हणतात. ज्या आईनं बाळासाठी नाचणीचं सत्त्व केलंय तिला हे वेगळं शिकवायला नको. मोड आल्यावर दाण्यात गोडी उतरवायची ताकद येते, तेवढंच तत्त्व. हा भरडा कोमट पाण्यात भिजवतात. जुन्या पद्धतीत त्यातला एक हिस्सा बाजूला काढून उकळतात आणि परत मूळ भांड्यात ओततात, म्हणजे सगळ्याचं तापमान एक पायरी वर चढतं. आपण अंघोळीच्या कढत पाण्यात गार पाण्याचं विसण घालतो ना? हे त्याच्या उलटं, कढत विसण. थर्मामीटर नव्हते तेव्हा हाताशी असलेली ही युक्ती. यानं माल्टची चव भरीव होते असं जुनी पद्धत पाळणारे सांगतात. काम मात्र दुप्पट वाढतं, म्हणून पुष्कळांनी ती सोडली.

मग हॉप्स. ही एका वेलीची फुलं, जर्मनीत हालरटाउ आणि टेटनांग या भागांतली नावाजलेली. जास्त वेळ उकळली की कडूपणा देतात, शेवटी टाकली की वास देतात. मग यीस्ट आठ ते बारा अंशांच्या गारव्यात सावकाश आंबवतं. आणि त्यानंतर कित्येक आठवडे शून्याच्या आसपास नुसतं ठेवून द्यायचं. 'लागर' शब्दाचा अर्थच साठवण. या काळात बिअर निवळते, यीस्ट आपणच केलेला पसारा आपणच आवरतं.

इथं धंद्याची गोची आहे. पुण्यात २००९ मध्ये 'डुलाली' सुरू झाली, राज्यातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक. नाव गमतीचं आहे, ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून इंग्रज सोजिरांनी केलेलं. त्यानंतर अशा बऱ्याच जागा निघाल्या. पण तिथं गव्हाची बिअर जितकी दिसते तितकं पिल्सनर दिसत नाही. का? गव्हाची दोन-तीन आठवड्यांत पेल्यात येते. पिल्सनर दीड-दोन महिने टाकी अडवून बसतं, आणि टाकी अडली की भाडं अडतं. पिल्सनर करणारा माणूस खरं तर वेळ विकत असतो, आणि गिऱ्हाईक विचारतं, "कडक आहे का?"

आता मुख्य गोष्ट, पाणी. पेल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त तेच असतं. पिल्सेनचं पाणी फार मऊ. म्युनिकचं क्षारांचं, म्हणून तिथं काळसर बिअर चांगली व्हायची आणि फिकट बिअर केली तर कडूपणा घशाला ओरबाडायचा. हे आपल्याला वेगळं सांगायला पाहिजे का? कुठल्या विहिरीचं पाणी गोडं, कुठल्या बोअरचं मचूळ, कुठल्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे आपल्याकडं शाळकरी पोरगंही सांगतं. घरी जाऊन दोन पेल्यांत पाणी घ्या, एक बोअरचं, एक फिल्टरचं. डोळे मिटून घोट घ्या आणि फरक शब्दांत सांगा. ज्याला तो सांगता आला त्याची पारखण्याची निम्मी तयारी झाली.

उरलेली निम्मी सांगतो. गेल्या डिसेंबरात पुण्यात एका ठिकाणी मी जुन्या पद्धतीनं केलेलं पिल्सनर घेतलं. त्याचंच रसग्रहण करतो.

पेला उंच, स्वच्छ. साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो, म्हणून आधी पेला बघायचा. रंग वाळल्या कडब्याचा, पलीकडचं बोट स्पष्ट दिसेल इतकं निवळ. वर पांढरा, दाट फेस. तो टिकला आणि प्रत्येक घोटाला पेल्याच्या आत एकेक कडं सोडत गेला. ही खूण चांगली.

मग वास. वास आधी घ्यायचा, घोट नंतर. आणि बर्फासारखं गार असताना घ्यायचा नाही, सहा-आठ अंशांवर घ्यायचा. फार गार असलं की जीभ बधिर होते आणि वाईट बिअरसुद्धा खपून जाते. मला पहिल्यांदा आला पावसानंतर कापलेल्या गवताचा वास, मागून किंचित मिऱ्याचा. हे हॉप्सचं. त्याखाली तव्यावरून उतरवलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा, म्हणजे माल्टचा. परदेशी वर्णनात एल्डरफ्लॉवर वगैरे लिहिलेलं असतं. ते फूल मी पाहिलेलं नाही, तुम्हीही नसेल. आपल्या नाकाला जे ओळखीचं आहे त्याच शब्दांत सांगायचं. उसना शब्द वापरला की आपण चव घेत नाही, पाठांतर म्हणतो.

घोट. आधी अगदी पुसटशी गोडी, मग ती बाजूला सरते आणि कडू येतं. आपण पाडव्याला कडुनिंबाचा पाला गुळाबरोबर खातो. तो कडू जिभेला चिकटून राहतो. मेथीच्या भाजीचा कडू वेगळा, तो पुढचा घास मागतो. चांगल्या पिल्सनरचा कडू मेथीच्या जातीचा. उशिरा येतो, तोंड कोरडं करतो आणि निघून जातो. या पेल्यात तो नेमका असाच होता, कुठं ओरबाडणं नाही. म्हणजे पाण्यावर मेहनत घेतलेली होती.

आता दोष. पेला अर्ध्यावर आला, थोडा कोमट झाला, आणि लोण्यासारखा वास डोकावला. आंबताना हा तयार होतोच, पण पुरेसा वेळ दिला तर यीस्ट तो गिळून टाकतं. म्हणजे टाकी थोडी आधी उघडली. मगाशी म्हटलं ना, भाडं? तेच पेल्यात उतरलं होतं. गव्हाच्या बिअरमध्ये केळ्या-लवंगेच्या वासाखाली हा झाकला गेला असता. स्ट्राँगमध्ये तर कुणाला पत्ताही लागला नसता. पिल्सनरमध्ये लपायला जागाच नाही. माल्ट चांगलं उकळलं नाही तर उकडलेल्या मक्याचा वास येतो, उन्हात ठेवलेली बाटली कुबट मारते, जुनी झाली की भिजल्या पुठ्ठ्याचा वास येतो. सगळी घाई, सगळा आळस उघडा पडतो. म्हणून करणाऱ्याची परीक्षा या बिअरमध्ये.

त्याच आठवड्यात मी एक आयात केलेली, नावाजलेली जर्मन बाटलीही उघडली. कृतीत चूक काढायला जागा नव्हती, पण कित्येक महिन्यांच्या प्रवासानं तिला नेमका तो पुठ्ठ्याचा वास लागलेला. माझा निवाडा असा : थोडा दोष असलेला ताजा पेला त्या निर्दोष शिळ्या बाटलीपेक्षा सरस. पण करणाऱ्यानं आणखी एक आठवडा थांबायला हवं होतं, आणि गिऱ्हाइकानं ते त्याला सांगायला हवं. मी सांगितलं. त्याला राग आला नाही, उलट म्हणाला, "हे विचारणारं कुणी येत नाही हो."

आता ताईंकडं येतो.

छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे मोठे कारखाने आहेत. त्यांचं पाणी जायकवाडीचं. त्याच जायकवाडीचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यात येतो. २०१६ चा उन्हाळा आठवतो ना? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्याच्या कारखान्यांचं पाणी साठ टक्क्यांनी कापायला सांगितलं. एक लिटर बिअर करायला, भांडी-टाक्या धुण्यासकट, नीट चालणाऱ्या कारखान्यातही तीन-चार लिटर तरी पाणी लागतं. जवाच्या शेतीचं पाणी वेगळंच.

म्हणून, ताई, रसग्रहणानं कुणाची दारू सुटते असा दावा मी करत नाही. सुटत नाही. पाच टक्केसुद्धा दारूच आहे, आणि तुमच्या गावानं जे केलं ते तुमच्या घरांनी भोगलेल्यातून केलं. त्यावर चवीचा युक्तिवाद चालत नाही. पण बिअर होतेच आहे, आणि आपल्याच धरणाच्या पाण्यातून होते आहे. मग ते पाणी कशासाठी खर्च झालं, हे पेल्यात तपासणारं कुणी पाहिजे की नाही? "कडक आहे का" एवढंच विचारणारा माणूस तेही तपासत नाही आणि स्वतःलाही तपासत नाही. पिल्सेनच्या लोकांनी ३६ पिंपं ओतली ती आधी चव घेऊन. तुम्ही बाटली आडवी केलीत. दोन्ही ठिकाणी लोकांनीच नको म्हटलं. कारणं वेगळी आहेत, आणि तुमचं कारण मोठं आहे, हे मी मान्य करतो.

माझं म्हणणं एवढंच, की जो घेतो त्यानं एकच पेला घ्यावा, सावकाश घ्यावा, आणि दुष्काळी मुलखातल्या माणसानं पाणी पारखावं तसा पारखावा. पाणी वाया गेलं असं वाटलं, तर तसं तोंडावर सांगावं.

तांब्यातलं पाणी कुणाला हवंय? निम्न दुधनेचं आहे म्हणे. चव घ्या आणि सांगा. (हशा)